सुकेळीच्या मांडवातला उजेड

वसईपासून विरारपर्यंत एवढ्या वाड्या, एवढी माणसं. पण एका जागी बसणं ज्याला जन्मात जमलं नाही असा एकच गृहस्थ देवाने घडवला आणि तो नेमका माझ्या ताईच्या गळ्यात बांधला. आमचे भावोजी उभ्याने चहा पीत, फिरत फिरत जेवत आणि झोपेतही कूस बदलत बदलत चटई सोडून पार उंबऱ्यापर्यंत जात. सत्यनारायणाला यजमान म्हणून बसवले तर कथा चालू असताना उठून केळीच्या खांबांची दोरी आवळून येत. शेवटी भटजी त्यांच्या उपरण्याचं टोक आपल्या मांडीखाली दाबूनच पोथी उघडायला लागले. मी तेव्हा वसईतल्या होळी नावाच्या वस्तीच्या बाजूला शाळेत शिकवत होते आणि शाळा जवळ पडते म्हणून ताईकडेच राहत होते. दिवसभर पोरांना हाताची घडी घालून गप्प बसवायचं आणि घरी आलं की हे! अगदी जीव मेटाकुटीला येई.

अशा माणसाने दुसरा कुठलाही नाद केला असता तरी चाललं असतं. पण दुसरं महायुद्ध संपल्यावर ते मुंबईहून एका बंद पडलेल्या स्टुडिओतला लाकडी कॅमेरा घेऊन आले. त्याच्याबरोबर तीन पायांचं तिकाटणं, काळा बुरखा, फोटो उमटतो त्या काचेच्या थोड्या प्लेटी आणि एक इंग्रजी पुस्तक. पुस्तक मी वाचायचं आणि त्यांनी ते फेऱ्या मारत ऐकायचं, अशी वाटणी झाली. ‘उजेड एका बाजूने घेतला की चेहऱ्याला उठाव येतो,’ एवढं वाक्य मी वाचलं मात्र, भावोजी तडक आत गेले, ताईला माजघराच्या खिडकीशी बसवलं आणि फोटो काढून मोकळे झाले.

ताईला लहानपणी देवी आल्या होत्या. डावा गाल सगळा व्रणांनी भरलेला. खिडकीच्या उजेडाने आपलं काम चोख केलं. उठाव आला; एकेका व्रणाला वेगळा उठाव आला. ताईने तो फोटो हातात घेऊन पाहिला, चुलीत भाताखाली सारला आणि पानं वाढायला घेतली. तिच्या लग्नाच्या फोटोतही पदर इतका खाली ओढलेला होता की, नथ तेवढी दिसते. म्हणजे ताईचा चेहरा असा कुठेच नव्हता. त्या दिवशी भावोजी जेवले नाहीत. मला म्हणाले, “मास्तरीणबाई, तिच्या तोंडात काही चूक नाही. मला उजेड वापरता येत नाही. मी उजेड शिकणार. ती स्वतःच्या हाताने भिंतीवर लावील असा एक फोटो काढला की हे खोकं विकून टाकतो.”

मग काय विचारता! माणसाला आधीच पायाला भिंगरी, त्यात आता डोळ्यांनाही लागली. मुंबईच्या एका स्टुडिओत ते गिऱ्हाईक म्हणून गेले, पण स्टुलावर बसवलं की मागचा दिवा कुठे ठेवलाय ते बघायला उठत. फोटोवाल्याने चारदा बसवलं आणि मग हात जोडून बाहेर काढलं. तंबूतल्या सिनेमात ते पडद्याकडे पाठ करून बसत आणि झोत कुठून येतो ते पाहत. गास गावात एका घरी मयताच्या समाचाराला गेलो होतो. घरधनी रडत होता, बाकी सगळे खाली मान घालून होते आणि आमच्या भावोजींनी त्याची हनुवटी धरून हळूच दाराच्या उजेडाकडे वळवली. “असं. आता डोळ्याखालची सावली गेली,” म्हणाले. तो बिचारा रडायचा थांबून यांच्याकडे बघत राहिला. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

घरी स्टुलावर बसायचं काम माझ्याकडे असे. पेट्रोमॅक्स बत्ती कधी डोक्यावर, कधी कानाशी, कधी धोतराच्या पडद्याआड. बत्ती फसफसते आहे, डासांनी पाय फोडून काढले आहेत आणि भावोजी “हलू नका!” असं ओरडत स्वतः माझ्याभोवती प्रदक्षिणा घालताहेत. एकदा मी चिडून उठले तर म्हणाले, “तुमच्यापेक्षा भोपळा बरा.” आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून माझ्या जागी भोपळा आला. पण भोपळा पडला गुळगुळीत. त्यावरून काही कळेना म्हणून त्यांनी स्टुलावर सीताफळ ठेवलं आणि कुठल्या उजेडात त्याचे डोळे दिसेनासे होतात ते बघत बसले. ताई बत्तीत रॉकेल भरायला आली. तिने स्टुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. हे सीताफळ कुणाच्या जागी बसलंय ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. भावोजींच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी ते फळ घाईघाईने उचलून चक्क खाऊन टाकलं, पण ताई त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की कॅमेरा उचलून वाडीतल्या तळ्यात, बावखलात टाकावा, असंही मनात येऊन गेलं.

उन्हाळ्यात ते कशाला तरी जूचंद्र गावी गेले आणि तिथून धावतच आले. मिठागरावरच्या एका माणसाने त्यांना सांगितलं होतं, “पानी आटलं का मीठ वर येतं. त्याचा उजेड खालनं तोंडावर येतो, डोलं दिपतात बगा.” भावोजींना साक्षात्कार झाला. उजेड खालून! दुसऱ्या दिवशी बैलगाडीभर मीठ आलं आणि आमच्या अंगणात पसरलं गेलं. आता वाडीवाल्याच्या घरात सापाला घाबरत नाहीत एवढं खाऱ्याला घाबरतात. बावखलाचं पाणी खारट झालं की केळी गेली, पानवेल गेली, सगळा संसार गेला. ताईच्या सासूबाई वाडीतून आल्या आणि अंगण पांढरं पाहून दारातच बसल्या. “हगळी वाडी मारतंस काय रं? कोणी आणलाय का बापजन्मात मीठ अटे?” त्यांनी लेकाच्या हातात टोपली दिली आणि शेवटचा कण उचलेपर्यंत काठी घेऊन उभ्या राहिल्या. वाडी वाचली. पण अंगणाच्या कडेला ताईने जिवापाड वाढवलेला मोगरा मात्र आठवड्याभरात करपला. ताई रडली नाही. एवढंच म्हणाली, “अहो, आता माझ्या तोंडाचा नाद सोडा. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. ते खोकं पुन्हा माझ्यासमोर नको.”

भावोजींनी शपथ पाळली. कॅमेरा माळ्यावर गेला. पण स्वस्थता काही आली नाही, उलट वाढली. रहाटाचे डबे काढून पुन्हा बसव, कौलं चाळ, धड असलेलं कुंपण मोडून नवं घाल, असं दिवसभर चाले. ताई जवळून गेली की यांची नजर आधी तिच्या चेहऱ्यावर आणि मग आभाळाकडे जाई. मला बघवत नसे.

दिवाळी झाली आणि सुकेळी घालायचे दिवस आले. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर, म्हणजे अंगणातल्या बुटक्या माचावर, चटयांवर उन्हात वाळत घालायची, वेळोवेळी उलटायची, असं बरेच दिवस चालतं. त्या वर्षी गांधीलमाशा फार झाल्या म्हणून सासूबाईंनी जुनी धोतरं काढून मांडवावर छतासारखी ताणून बांधली होती. मी शाळेतून आले तर भावोजी अंगणात उभे. नुसते उभे. हात नाही, पाय नाही, काही हलत नव्हतं. मला वाटलं यांना काही झालं. जवळ जाऊन बघते तर ताई धोतरांच्या छताखाली बसून केळी उलटत होती. ऊन वरच्या कापडातून गाळून येत होतं, खालच्या फिक्या चटयांवरून परत वर जात होतं, आणि उजेड नेमका कुठून येतोय ते सांगताच येत नव्हतं. ताईच्या चेहऱ्यावर कुठे सावलीच नव्हती.

मी म्हटलं, “भावोजी, कॅमेरा काढू?” ते पुटपुटले, “शपथ आहे.” आणि उभेच राहिले. ताईने एक चटई संपवली, दुसरी घेतली. माशी त्यांच्या नाकावर बसली तरी त्यांनी ती हाकलली नाही. सगळी केळी उलटून होईपर्यंत हा माणूस एका जागी उभा होता. ताईने मान वर केली आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “आणा तुमचं ते खोकं. पण हात चिकट आहेत माझे.”

एक प्लेट तिची झाली. उरलेल्या शेवटच्या प्लेटीसाठी तिने हट्टाने त्यांना खुर्चीवर बसवलं, बुरख्यात डोकं घातलं आणि भिंगाचं झाकण काढलं. झाकण निघालं तेवढ्यात धोतराचं एक टोक सुटलं आणि भावोजी ते बांधायला उठले.

फोटो धुऊन आला तेव्हा ताईने तो दोन्ही हातांत धरला. गाल कसा स्वच्छ आला होता. ती हळूच म्हणाली, “देवी यायच्या आधी मी अशी होते का हो?”

“मला काय ठाऊक?” भावोजी म्हणाले. “मी आपला रोज बघतो ते हेच.”

ताईने स्वतः खिळा ठोकला. कॅमेरा त्याच महिन्यात विकला गेला आणि भावोजी मधमाश्यांच्या नादाला लागले.

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते गेले त्या दिवशी हार घालायला म्हणून फोटो शोधला तर सबंध घरात त्यांचा एकच निघाला, ताईने काढलेला. त्यात खुर्ची अगदी स्पष्ट आली आहे, तिचे वेतही मोजून घ्यावेत. आणि खुर्चीवरून वर सरकत गेलेला एक पांढुरका धूसर पट्टा, तेवढेच भावोजी. मी म्हटलं, “ताई, मुंबईला कुणा नातेवाइकाकडे बघूया. एखाद्या लग्नातला तरी धड फोटो सापडेल.”

ताईने तो माझ्या हातातून घेतला, पदराने काच पुसली आणि आपल्या फोटोशेजारी भिंतीला लावून पाहिला.

“हाच राहू दे,” ती म्हणाली. “हुबेहूब आलेत.”