टेकाडावरचा धोंडा

लुडविनाबाई आमच्या माळावरची सगळ्यात खवचट म्हातारी. माझ्या बुलडोझरला ती 'तुझा रेडा' म्हणायची.

धरणानं मिसूरी नदी फुगली तेव्हा खालचं गाव, चर्च, दफनभूमी सगळं पाण्यात गेलं. माणसं वर माळावर आली. त्याच साली तिचा तान्हा भाऊ अलोईस गेला. पुरायला जागा कुठली? बापानं टेकाडाच्या उतारावर पुरला आणि उशाशी एक धोंडा ठेवला.

आमच्याकडे बर्फ वितळलं की जमीन नवे धोंडे वर ढकलते. ते वेचल्याशिवाय पेरणी नाही. पुढच्या वर्षी वेचताना आठ वर्षांच्या लुडविनानं नेमका तोच धोंडा उचलून ढिगात टाकला. माराच्या भीतीनं बोलली नाही. आई बिचारी मरेपर्यंत त्या उतारावर कबर शोधत फिरली.

आता तिथं तेलविहीर यायची होती, आणि उतार सपाट करायचं काम माझ्या बुलडोझरकडे होतं. जमिनीखालचे हक्क बापानंच कधी विकलेले, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मोजणीवाला म्हणाला, "कबर दाखवा, तेवढी जागा सोडतो." बाईनं एका जागी झेंडी रोवली.

मग माझ्याजवळ आली. "वेंडेल, ठोकून दिलंय रे. नकाशा झाला, आता झेंडी हलत नाही. पण वाऱ्यात अलोईस रडतो ना, ते रडणं तिकडून येतं." तिनं पलीकडे बोट दाखवलं.

"कान वाजतात तुमचे."

"माझे कानच वाजतात. तुझं डोकं वाजतं, रिकाम्या डब्यासारखं."

तिसऱ्या दिवशी, तिनं दाखवलं होतं तिथंच, माझ्या पात्याला फळी लागली. हातभर लांबीची पेटी. मी इंजिन बंद केलं. सांगावं, तर म्हातारीला कळणार की आपण पोराला दुसऱ्यांदा हरवलं. जेवणाच्या सुट्टीत पेटी जाकिटात गुंडाळून झेंडीपाशी नेली आणि पुरली. प्रार्थना अर्धीच आठवली. पुण्य केलं की पाप, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी बाई आली. ताज्या मातीकडे बघत राहिली.

"उंदरांनी उकरलंय," मी म्हणालो.

ती बराच वेळ वाऱ्याला कान देऊन उभी राहिली. मग गाडीतून एक धोंडा काढायला लावला, ढिगातला, पावाएवढा. आम्ही दोघांनी तो मातीवर ठेवला.

"झोपला," ती म्हणाली. "तुझे उंदीर गुणाचे रे." आणि तिनं माझ्या तेलकट हाताचा मुका घेतला.

वारा सुटला की मी अजूनही इंजिन बंद करून ऐकतो.