परब बाईंचा पहारा

परब बाई स्क्रीनशी बोलायच्या. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात आम्ही ओळीने बसून मुलांना कॉलेजच्या प्रवेश परीक्षा देताना बघत असू. मुलं आपापल्या घरी लॅपटॉपसमोर. ती आम्हाला दिसत, त्यांच्याकडचा आवाज ऐकू येई; आमचा मात्र त्यांना नाही. कुणी मान वळवली, कुणी खुर्चीतून उठलं, की संगणक त्या मुलाची चौकट लाल करी आणि पुढचं आम्ही ठरवायचं. बाकी आम्ही सगळे हेडफोन लावून गप्प. बाई मात्र हळू आवाजात चालूच.

"खंय बघतंस गो चेडवा? वर बघ. झाली ना लाल! आता मी काय करू?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, फोनवर नातीला रागवतायत.

भांडुपच्या एका मराठी शाळेत बाईंचा उभा जन्म गेला होता. शेवटी शेवटी वर्गात मुलं इतकी थोडी, की हजेरी घ्यायची लाज वाटायची, असं त्या सांगत. शाळा बंद झाली आणि बाई इथे आल्या. "वर्गात सुपरव्हिजनला मी फिरायचे ना, तेव्हा पोरांना माझ्या चपलांचा आवाज यायचा. त्यांना कळायचं, बाई आल्यात. इथे मी आहे हेच त्यांना कळत नाही. हा कसला पहारा गो?"

आमचा टीम लीड नितीन वाईट नव्हता. पण त्याच्यावरही कुणीतरी नजर ठेवून होतंच. बाई लाल चौकटी फार सोडून देतात, असं तो म्हणे. "मॅडम, सिस्टिमने पकडलंय म्हणजे काहीतरी असणार ना."

"अरे, तो छताकडे बघून आठवतोय. तू कधी काही आठवलंच नाहीस काय आयुष्यात?"

नितीन हसायचा. तोवर ते हसण्यावारी जात होतं.

मग घाटकोपरच्या एका कॉलेजची परीक्षा आली. बाईंच्या स्क्रीनवर गोवंडीची एक मुलगी होती. एकच खोली, मागे दोरीवर साडीचा पडदा, आणि पडद्यामागे कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं. खोलीत दुसऱ्याचा आवाज आला की ताकीद, आणि ताकिदी संपल्या की पेपर बंद, असा नियम. बाईंनी ताकिदीचा मेसेज पाठवला. मुलीने मागे वळून हात जोडले, "आजोबा, थोडा वेळ, प्लीज." ती वळली म्हणून चौकट पुन्हा लाल झाली. आजोबांनी तोंडावर काहीतरी दाबलं असावं, आवाज घुसमटल्यासारखा येऊ लागला. पण खोकला थांबेना.

नितीन बाईंच्या मागे येऊन उभा राहिला. "मॅडम, बंद करा."

"खोकला आहे रे तो. खोकल्यातून कुणी उत्तरं सांगतं?"

"नियम आहे ना, मॅडम. वरून मला विचारतील."

"मी नाही करणार."

नितीनने वाकून स्वतःच बटण दाबलं. पेपर गेला, पण कॅमेरा थोडा वेळ चालू राहिला. मुलीला वाटलं, नेट गेलं. ती उठून लॅपटॉप उंच धरून खोलीभर फिरली, दारापर्यंत गेली. मग चित्र बंद झालं.

दुसऱ्या दिवशी बाई रजा टाकून त्या कॉलेजात गेल्या. मला सोबत नेलं. खिडकीवरच्या क्लार्कने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कंपनीचा रिपोर्ट आहे, आम्ही काही करू शकत नाही."

"अहो, त्या मुलीवर नजर ठेवायला कंपनीने मलाच बसवलं होतं! मी सांगते, तिने काही केलं नाही."

"तुम्ही सांगून नाही चालत, मॅडम. रिपोर्ट बदलून आणा."

रिपोर्ट बदलला नाही. परीक्षार्थीची माहिती बाहेर सांगितल्याबद्दल कंपनीने बाईंनाच काढलं. ते सांगताना नितीनला बाईंच्या नजरेला नजर देता आली नाही. बाईंनी डबा पिशवीत भरला. जाताना त्याला एवढंच म्हणाल्या, "जेवून घे. सकाळपासून उपाशी आहेस."

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या, भांडुपच्या मासळीबाजारात. फार वाळल्या होत्या. कॉलेजच्या खिडकीवर त्या नंतरही जात राहिल्या होत्या, आणि एके दिवशी ती मुलगी तिथेच भेटली होती, वडिलांबरोबर.

"मग?" मी अधीरपणे विचारलं.

"मी म्हटलं, बाळा, त्या दिवशी तुझ्यावर नजर ठेवायला मी होते. मला तिची माफी मागायची होती गो." बाईंनी मासळी भरायला पिशवी कोळणीकडे दिली. "ती घाबरली. माझ्यापुढे हात जोडले आणि सांगत सुटली, मॅडम, मी खरंच कॉपी केली नाही, आजोबा आजारी होते, घरी येऊन बघा पाहिजे तर. मी म्हणतेय, मला माहीत आहे. ती ऐकेचना. आपली शपथा घेतेय. बाप तिला ओढून घेऊन गेला, तरी मागे वळून वळून सांगत होती."

कोळणीने बाईंची पिशवी पुढे केली. ती घेऊन, माझा निरोप न घेताच, त्या गर्दीत चालू लागल्या.