पडद्याखालचं बाकडं

विक्रोळीच्या त्या बैठ्या चाळीत दत्तारामचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाचा कुकर किती शिट्ट्या घेतो, सगळं त्याच्याकडे. दारासमोरचं बाकडं ही त्याची गादी. गेल्या फाल्गुनात एका दुपारी तो असाच रंगात आला होता, आणि आत स्वयंपाकघरात त्याची बायको चंपा घेरी येऊन पडली. अर्ध्या तासाने तो आत गेला, तोवर सगळं आटोपलं होतं.

तेव्हापासून भेटेल त्याला तो एकच सांगे, "दाराक पडदो होतो. माका ती दिसतली कशी, नि तिका मी?"

त्याच स्वयंपाकघरात शेजारची उत्तरा कॉलेजची फिल्म करायला आली. पहिल्या सीनचा अँगलच तिला सापडेना. खुर्चीवर कॅमेरा ठेवला, ओट्यावर ठेवला. जिथून बघावं तिथून पडदाच.

"गो, पिक्चर काढतंस की पडद्याची जाहिरात?" दत्तारामने टोला हाणला.

"थांबा हो काका!" ती सरळ ओट्याखाली फरशीवर आडवी झाली, कॅमेरा गालाशी धरून. "झकास! बघा, बघा!"

तो गुडघे धरून खाली बसला. स्क्रीनवर पडद्याची किनार, आणि किनारीखाली उन्हात त्याचं बाकडं. बाकड्याशी काढून ठेवलेल्या त्याच्या चपलासुद्धा.

चंपाचं डोकं इथेच होतं.

त्या दुपारी त्याने बाकड्यावरूनच हाक मारली होती, "चाय ठेव गो!" उत्तर आलं नाही, तेव्हा तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "रुसल्यात बाईसाहेब!" बाकड्याभोवतीची मंडळी खदखदली. त्याचेही पाय हसता हसता नाचले असणार. ते पाय ती बघत होती?

"काका, तुम्हीच बसा बाकड्यावर. नुसते पाय हवेत. हसा, पाय हलवा. चेहरा नको हं!"

तो बसला, हसला, पाय हलवले. आणि वाकला.

"कट! काका, वाकू नका ना!"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही.

"वाट लावताय शॉटची! काय बघताय एवढं आत?"

"दिसता गो," तो म्हणाला. "वाकला की सगळा दिसता."

चौथ्यांदा खाडीकडून वारा आला, पडदा हलला. दत्तारामला हसू फुटेना. तो बाकड्यावरून उतरला, मातीत गुडघे टेकले आणि पडद्याखालून हळूच म्हणाला, "चाय नको गो. ऊठ."

उत्तरा कट म्हणाली नाही. कॅमेरा तसाच फरशीवर ठेवून ती उठून बसली.