लाल ठिपक्यांची वाट

लाल ठिपक्यांची ती केस आठवली की मला अजून हसू येतं, आणि हसता हसता थोडी लाजही वाटते. तीस वर्षांच्या पोलिसी नोकरीत घरफोड्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, पण झाडावरचा एक डाग बोटानं पुसून बघायला मला चार दिवस लागले. नावं कुणाचीच देत नाही. मंडळी सगळी भली आहेत, आणि भल्या माणसांना छापलेलं आपलं नाव फारसं आवडत नाही.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. मी पुण्यात शिकलेला, तेविसाव्या वर्षी लंडनमध्ये ईलिंगला मामाकडे आलेला आणि घरच्यांनी कपाळाला हात लावला तरी इथल्या पोलिसात भरती झालेला माणूस. त्या वेळी वेल्सच्या सीमेलगतच्या एका लहान ठाण्यात सार्जंट होतो. ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक किटली आणि पाच माणसं. हद्दीत मेंढ्या भरपूर, गुन्हे बेताचे. मागे बुटके, गच्च झाडीचे डोंगर. त्यातल्या एकाच्या माथ्यावर मोठा उभा कातळ होता आणि सुट्टीच्या दिवशी दोर लावून चढणारे तिथे जमायचे. तिथवर जायला पायवाट एकच, आणि ती एका खासगी इस्टेटीच्या जंगलातून जायची.

ही वाट सार्वजनिक नव्हती. तीस वर्षांपूर्वी गावच्या शाळेतल्या एका बाईंनी इस्टेटीच्या मालकाला गळ घालून लोकांना चालायची परवानगी मिळवली होती. परवानगी म्हणजे परवानगीच, मालकाच्या मनात आलं की फाटकाला कुलूप. आता त्या मालकाचा मुलगा कारभार बघत होता. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या, तरी रोज सकाळी मोठी कात्री घेऊन वाटेवर आलेल्या काटेरी फांद्या छाटायला जायच्या.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी मालक तणतणत ठाण्यात आला. कातळ चढायला आलेल्या कुणीतरी त्याला खबर दिली होती की जंगलात झाडांवर लाल खुणा दिसतात. आमच्या भागात झाडावरच्या लाल खुणेचा अर्थ एकच, हे झाड तोडायचं. शेजारच्या इस्टेटीत त्याच वर्षी दोन जुने ओक वृक्ष चोरांनी रातोरात तोडून नेले होते. मालकानं स्वतः जाऊन पाहिलं, तर खरोखरच लाल ठिपके. त्याचा राखणदार रोज तिथून जायचा. शिकारीसाठी पाळलेल्या फेझंट पक्ष्यांची कुंपणं त्याच जंगलात होती. त्याला विचारलं तर म्हणाला, लक्ष गेलं नाही. हे मला तेव्हाच खटकलं होतं. झाडाचं पान हललं तरी ज्याला कळतं, त्याचं एवढ्या लाल रंगाकडे लक्ष जात नाही?

मालकानं मुदत दिली. ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेच्या, म्हणजे सरकारी सुट्टीच्या सोमवारपर्यंत चोर सापडला नाही तर फाटक कायमचं बंद. मी तक्रार नोंदवली, गुन्ह्याला नंबर दिला. दुपारी बाई आल्या, टेबलासमोर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "सार्जंट, कुलूप लागलं तर रोज सकाळी उठून मी जायचं कुठे, तेवढं सांगा."  मी त्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी मी आणि आमची कॉन्स्टेबल जंगलात गेलो. ती त्याच भागातली, मेंढपाळाची मुलगी, माझ्या दुप्पट वेगानं डोंगर चढणारी. एकोणीस खुणा सापडल्या. फोटो काढले, नकाशावर टिंबं मारली. पुराव्याला हात लावायचा नाही ही शिस्त अंगात मुरलेली, त्यामुळे एकाही खुणेला हात लावला नाही. रंगाचा नमुना प्रयोगशाळेला पाठवावा, असा शेरा मात्र अगदी ऐटीत लिहिला.

संशयित शोधायला कष्ट पडले नाहीत. गावात जळाऊ लाकूड विकणारा एक होता, लाकूडचोरीत पूर्वी शिक्षा झालेला. गुरुवारी त्याला बोलावून, वकिलाची सोय आहे हे सांगून, टेप चालू करून रीतसर जबाब घेतला. मी फोटो पुढे ठेवले. त्यानं ते पत्त्यांसारखे पसरले आणि त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, सापडला. पण त्याला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. "सार्जंट, हा बर्च कुजका आहे, हा तर आतून पोकळ आहे, आणि ही होलीच्या झुडपाची काठी मी फुकट दिली तरी नेणार नाही. असली झाडं मी चोरेन, असं वाटलं तुम्हाला?" मी टेप बंद केली. माणूस खोटं बोलतो तेव्हा स्वतःला चांगला म्हणवतो. याला चांगलं म्हणवून घ्यायचंच नव्हतं, फक्त अडाणी म्हणवून घ्यायचं नव्हतं. असा जबाब बहुतेक वेळा खरा निघतो.

शनिवारी मी एकटाच पुन्हा वर गेलो. वाटेत पावसानं गाठलं. एका पुढे आलेल्या खडकाच्या आडोशाला उभा राहिलो, शेजारी एक झाड. त्याच्या बुंध्यावर पाऊस न पोहोचलेली एक खूण होती, आणि ती ठिपका नव्हती. चांगला रेखीव बाण होता, वर डावीकडे दाखवणारा. बाकीच्या झाडांवर पावसानं धुऊन बाणांचे ठिपके झाले होते. कडेनं लाल ओघळ वाहत होता, तो माझ्या बाहीला लागला. मी नकळत बोटानं चोळला आणि नाकाशी नेला. ओल्या मातीचा वास. कुंड्यांना लावतो तो गेरू! त्या क्षणी मी पोलिसाचा पुणेकर झालो.

तिथेच ओल्या दगडावर नकाशा पसरला. एकोणीसच्या एकोणीस खुणा फाट्यांवर होत्या, जिथे माणूस चुकेल तिथेच. चोराला झाड हवं असतं, याला वाट हवी होती. आणि कॉलेजात असताना सह्याद्रीत मी स्वतः हेच केलेलं. पुढे जाणाऱ्यानं मागच्यांसाठी दगडावर बाण काढत जायचं, हा आमच्याकडे ट्रेकचा शिरस्ता. तिकडे ती सेवा समजतात, इकडे नुकसानीचा गुन्हा.

कॉन्स्टेबलनं त्या लाकूडवाल्याकडूनच काढून घेतलं की एकाआड एक शनिवारी परक्या लोकांच्या चार-पाच गाड्या फाटकाशी लागतात. पुढचा शनिवार त्यांचाच होता, आणि बँक हॉलिडेला मध्ये एकच दिवस. आम्ही आठ वाजल्यापासून एका पडलेल्या झाडामागे थर्मास घेऊन बसलो. साडेदहाला माणूस दिसायच्या आधी आवाज आला. खालून कुणीतरी ओरडत होतं, "अरे पुढचे, जरा हळू, आई मागे राहिल्या!" कॉन्स्टेबल कुजबुजली, ही कुठली भाषा? मी म्हणालो, माझी.

पुढचा माणूस फाट्यापाशी थांबला. तिशी-पस्तिशीचा, चष्मा, पाठीवर सॅक. त्यानं श्रीखंडाचा रिकामा डबा काढला, टूथब्रश बुडवला आणि मन लावून बाण काढू लागला. रंगेहाथ पकडणं म्हणतात ते त्या दिवशी अक्षरशः घडलं. मी पुढे होऊन कायद्याप्रमाणे इंग्रजीत ताकीद वाचली: गप्प राहण्याचा तुम्हाला हक्क आहे वगैरे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर, आय एम सो सॉरी. मिल्टन कीन्सला आयटीत आहे मी. थ्री मंथ्समध्ये आमचं सेटलमेंटचं, इथे पर्मनंट राहायचं ॲप्लिकेशन आहे. प्लीज, सर." घाबरून अर्धं मराठीत बोलून गेला आणि आणखीच घाबरला.

मी डबा हातात घेतला, हुंगला आणि विचारलं, "गेरू पुण्याहून आणलात, का इकडे मिळतो?"

त्यानं माझ्या टोपीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "आईनं दिला, काका," म्हणाला, आणि जीभ चावली. "सॉरी. सर."

मग धबधबा सुरू झाला. हा दर खेपेला नव्याने आलेली कुटुंबं घेऊन यायचा. माथ्यावरचा कातळ पाहून सगळ्यांना घरचे गड आठवतात म्हणे. जुलैत एकदा मागे पडलेली माणसं, त्यात याची बायको आणि लहान मुलगी, तीन तास हरवली. हिवाळ्यातल्या झाडतोडीत वाट दाखवणारे खांब पडले होते ते कुणी पुन्हा रोवलेच नव्हते. भटकत ती फेझंटच्या कुंपणात शिरली आणि राखणदाराची बोलणी खाल्ली. "ऑइल पेंटनं झाडाला त्रास झाला असता," तो म्हणाला, "म्हणून गेरू. पावसात जातो, पण परत काढता येतो."

मी मालकाला, राखणदाराला आणि बाईंना तिथेच बोलावून घेतलं. तोवर मागची पलटण पोचली. सव्वीस माणसं, डबे उघडले, आणि खटला थालीपीठाच्या वासात सुरू झाला. मी पाण्याची बाटली घेऊन एका झाडावरचा बाण सर्वांसमोर धुऊन दाखवला. मालकानं त्या स्वच्छ बुंध्यावरून बोट फिरवून पाहिलं. म्हणाला, सगळं ठीक, पण ही गर्दी माझ्या पक्ष्यांत घुसली तर?

तेव्हा राखणदारानं टोपी काढली. "घुसत नाहीत, साहेब. हे बाण आल्यापासून एकही माणूस कुंपणाकडे फिरकलेला नाही. म्हणूनच माझं लक्ष गेलं नव्हतं."

पहिल्यांदा बाई हसल्या, मग मालक. बाईंनी त्या आयटीवाल्याला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, खड्डे खणता येतात का. तो म्हणाला, शिकेन. मालकानं अट घातली की झाडांवर काही काढायचं नाही, वाटेवर नवे खांब रोवायचे आणि ते या मंडळींनीच रोवायचे. कुलपाचा विषय तिथेच संपला. मला इतका आनंद झाला की मी गणवेशात तिसरं थालीपीठ घेतलं.

सोमवारी मी 'गुन्हा घडलेला नाही' असा शेरा मारून कागद बंद केला. रंगाच्या रकान्यात 'कुंड्यांना लावायची माती' असं लिहिलं, आणि इन्स्पेक्टरनं फोन करून मी बरा आहे ना, याची चौकशी केली. सप्टेंबरात एकोणीस खांब उभे राहिले. ते कापून दिले लाकूडवाल्यानं. या वेळी लाकूड चांगलं आहे, हे त्यानं मला तीनदा ऐकवलं. पुढे आयटीवाल्याचा अर्ज मंजूर झाल्याचे पेढे ठाण्यात आले, ते कॉन्स्टेबलनं चीज समजून ब्रेडवर ठेवून खाल्ले आणि तिला ते आवडले.

या केसनं मला एकच शिकवलं. खूण दिसली की मी नेहमी शोधायचो, पुढे गेलेला माणूस कोण. ती कुणासाठी ठेवलीय हे विचारायची सवय मला त्यानंतर लागली, आणि पुढच्या नोकरीत फार उपयोगी पडली.

बाई आता नाहीत. त्यांची कात्री त्या आयटीवाल्याच्या मुलीकडे आहे. वाटेवरच्या पहिल्या खांबावर, पावसाच्या आडोशाला, ती दर वर्षी गेरूनं एक लहान बाण काढते. मालकाला ठाऊक आहे. माझे गुडघे आता कुरकुरतात, त्यामुळे शनिवारी मी सगळ्यात मागे असतो. पुढून ओरडणारं कुणी राहत नाही, सगळी केव्हाच वर पोचलेली असतात. मी फाट्यापाशी येतो, बाण बघतो आणि डावीकडे वळतो.