आबांची गाठ

मी बीएस्सी झालोय, तेही आबांमुळे. अमानवीय काही असतं, असं कुणी म्हटलं की मी आधी त्यातली चूक शोधायचो. यात मला अजून चूक सापडलेली नाही, म्हणून लिहितोय.

आबा म्हणजे माझे चुलत आजोबा. आमच्या हसनाबाद गावाहून समुद्र कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं, त्या वयात ते नौदलात गेले. एकाहत्तरच्या लढाईत जहाजावर होते. "काय केलं हो लढाईत?" विचारलं की म्हणायचे, "इंजिनाला तेल पाजलं."

खरी गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, माझा कॉलेजचा फॉर्म भरताना. थॉमस नावाचा सोबती दोरावरून जहाजाच्या बाजूनं खाली उतरला होता. दोर आबांनी बांधला होता. घाईत हातानं गावाकडची सुरगाठ मारली... बैलाला मारतो ती. मोकळं टोक ओढलं की लगेच सुटणारी. थॉमस वर आलाच नाही. मंग आबा दुसरी गाठ शिकले, न सुटणारी. मलाही शिकवायला बघितलं, पण मला ती कधीच जमली नाही.

मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला. तेव्हापासून येईल त्याला एकच प्रश्न — "वर आला का?"

उन्हाळ्यात आमच्या विहिरीतला पंप अडकला. पायऱ्या नाहीत, म्हणून अण्णा, म्हणजे माझे वडील, कमरेला दोर बांधून उतरले. दुसरं टोक मी काठावरच्या कडुलिंबाला बांधलं.

"बराबर बांधलंस ना? का बीएस्सीत गाठ शिकवत न्हाईत?"

"बांधलंय. उतरा तुम्ही."

अण्णा अर्ध्यात लोंबकळत होते, तेवढ्यात मोकळं सुटलेलं वासरू आलं. दोराचं उरलेलं टोक त्याच्या पायात अडकलं आणि ते बिचकून पळालं. टोक ताणलं गेलं. त्या क्षणी मला आठवलं, मी सुरगाठ मारली होती. आबांची सगळी गोष्ट माहीत असूनही.

दोर सुटला नाही.

अण्णा वर आले, पाणी प्यायले, वासराला शिव्या दिल्या. मी लिंबाजवळ गेलो. तिथं आबांची गाठ होती. त्या टोकाला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

घरी आलो. आबा खाटेवर पडून होते. काकू म्हणाली, "दुपारपासून लई तळमळून राह्यलेत. उजवा हात हलवायला बघतेत."

मला बघून त्यांनी विचारलं, "वर आला का?"

एरवी मी काहीतरी बोलून टाळायचो. त्या दिवशी म्हणालो, "आला, आबा. वर आला."

त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कुणालाच विचारलेला नाही. त्यांना कोण वर आल्याचं कळलं, अण्णा की थॉमस... विचारायचा मला धीर होत नाही.

तो दोर मी सोडला नाही, बाजूनं कापला. गाठ अजून लिंबालाच आहे. तिच्यासमोर बसून मी कितीतरी वेळा तशी बांधून पाहिली. माझी दर वेळी सुटते.