कॉइलच्या टेबलावरची आक्का

शिरवळच्या कारखान्यात मी लागले ते एकोणीसशे शहात्तर साल. दहावी पास होऊन घरी बसले होते. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या आमच्या गावातून चार-पाच पोरी सकाळच्या एसटीनं शिरवळला कामाला जायच्या, त्यांच्याबरोबर मीही निघाले. कारखान्यात ट्रान्झिस्टर रेडिओ तयार व्हायचे. आम्हा मुलींकडं काम एकच, कॉइल गुंडाळायचं. केसाहून बारीक तांब्याची तार, बोटाच्या पेराएवढी रिळं आणि मोजून वेढे. वेढा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सोल्डरिंगचं, म्हणजे डाख लावून तारा जोडायचं, आणि टेस्टिंगचं काम पुरुषांकडं, काचेच्या भिंतीपलीकडं.

टेबलाच्या टोकाला कस्तुरी मगदूम बसायची. तासगावकडची, जैन घरातली, बावीस-तेवीस वर्षांची. सगळ्या पोरी तिला आक्का म्हणायच्या. तिची बोटं भराभर चालायची, पण नजर भलतीकडंच. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि छताकडं बघत राहायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, हिला बरं नसावं.

मग हळूहळू तिची हकिकत कळत गेली. काही तिनं सांगितली, काही दुसऱ्या पोरींनी. तिच्या वडिलांची, बाहुबली मगदुमांची, द्राक्षांची बाग होती. एकाहत्तरची लढाई सुरू झाली तेव्हा बातम्या ऐकायला म्हणून त्यांनी रेडिओ आणला आणि बेदाण्याच्या शेडमध्ये ठेवला. गावची माणसं तिथं जमायची, बातम्या संपल्या की उठून जायची. कस्तुरी मात्र बंद पेटीजवळ बसून राहायची. दिल्लीतला माणूस बोलतो ते तासगावात ऐकू येतं, म्हणजे मधल्या सगळ्या मुलखावरून ते बोलणं जात असणार. डोंगरावरून, उसातून, आपल्या डोक्यावरूनही. मग ते आपल्याला लागत कसं नाही? आईला विचारलं तर आई म्हणाली, द्राक्षं निवडायची सोडून तुला हे सुचतं बरं. एक दिवस तिनं मागचे स्क्रू काढून पेटी उघडली. आत एक लहानसं गाव आहे असं तिला वाटलं. रस्ते, घरं, पाण्याच्या टाक्या. फक्त माणसं नव्हती.

तिला सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं होतं. वडील नको म्हणाले. पोरं-पोरं बसतात तिथं तू एकटी काय करणार, एवढंच त्यांचं कारण. तिनं भांडण केलं नाही, पण महिनाभर ती कुणाशी बोललीही नाही. शेवटी आयटीआयवर तडजोड झाली. सांगलीत आत्याकडं राहून दोन वर्षं रेडिओचा कोर्स, वर्गात ती एकटीच मुलगी. तिची एसटी त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकासमोरून जायची तेव्हा ती खिडकीतून आत बघायची. ते सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नसायची. आवाज मात्र अगदी खाली जायचा.

कोर्सला ती पहिली आली. शिरवळला नोकरी मिळाली, आणि तिला कॉइलच्या टेबलावर बसवलं गेलं. मुलीच्या जातीला हेच काम बरं, असं सांगण्यात आलं.

मी लागल्यावर वर्षभरात एक प्रकार घडला. तयार झालेले सेट टेस्टिंगमधून परत येऊ लागले. आवाज मध्येच यायचा, मध्येच गुडुप व्हायचा. दोष कॉइलवर आला. पोरी गप्पा मारतात, वेढे चुकवतात, असं म्हणून आमच्या फोरमननं, नानासोंनी, आमच्या बोलण्यावर बंदी घातली. नानासो साताऱ्याचे, मनानं वाईट नव्हते, पण त्यांनाही वरून बोलणी खावी लागत होती. दोन पोरी रडल्या. आक्का रडली नाही. ती उठली, नानासोंच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "परत आलेले दहा सेट आन एक मीटर मला द्या. जेवणाच्या सुट्टीत बघते."

"तुला मीटर वापरता येतो?" नानासोंनी विचारलं.

"माझा दाखला तुमच्याच कपाटात हाय, साहेब."

नानासोंनी सेट दिले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्याजणी डबे तसेच ठेवून तिच्याभोवती उभ्या राहिलो. तिनं एकेका कॉइलच्या टोकांना मीटर लावला. कॉइल दहाच्या दहा चांगल्या निघाल्या. मग तिनं सोल्डरिंगचे जोड तपासले. वरून चकचकीत, पण हलवले की मीटरचा काटा पडायचा. तारेवर वॉर्निश असतं, ते टोकाशी नीट खरवडलं नाही तर सोल्डर वर बसतं आणि आत वीज पोचत नाही. घाईत खरवडायचं राहून जात होतं. तिनं एक जोड सोडवला, ब्लेडनं टोक साफ केलं आणि पुन्हा जोडलं. सेटमधून मराठी बातम्या सुरू झाल्या आणि सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत थांबल्या नाहीत.

नानासोंनी तो जोड स्वतः हलवून पाहिला. पुढच्या सोमवारी आक्काला काचेच्या पलीकडं बसवलं गेलं. तिच्यासाठी एक स्टूल आत नेलं, तेव्हा आमच्या टेबलावर एकही पोरगी वेढे मोजत नव्हती.

पलीकडं गेली तरी आक्का आमचीच राहिली. ती सूर्य मावळायच्या आत जेवायची, त्यामुळं पाचला सुट्टी झाली की डबा घेऊन नीरेच्या काठावर जायची. आमची एसटी साडेसहाला. आम्हीही तिच्यामागं जायचो. टाकाऊ सुट्या भागांतून तिनं एक रेडिओ जुळवला होता. त्याला पेटी नव्हती, पाटीएवढ्या लाकडावर सगळं उघडंच मांडलेलं. तो पाण्याकडेच्या दगडावर ठेवायची. ऊन तिरपं व्हायचं, नदीवर सोन्याचा पातळ पत्रा पसरल्यासारखं दिसायचं आणि त्या लाकडातून सतारीचे सूर निघायचे. आक्का काडी घेऊन वाळूत आकृती काढायची. उसाला पाणी देताना आपण दारं धरतो, एक वाफा भरला की पाणी दुसरीकडं वळवतो. विजेचंही तसंच, असं ती म्हणायची. ही तार म्हणजे पाट, हा ट्रान्झिस्टर म्हणजे दारं धरणारी बाई. थोडी माती सरकवली की मोठं पाणी फिरतं.

आम्ही शेतकऱ्यांच्या पोरी. दारं सगळ्यांनीच धरलेली. आम्हाला ते कळलं.

कधीकधी ती शिकवायची थांबायची आणि म्हणायची, "आता या घडीला आपल्यातनं किती गाणी जात असतील." मग आम्ही टेबलावरच्या सातजणी गप्प बसायचो. मला खरंच वाटायचं, कुठलं तरी दूरचं गाणं माझ्या बरगड्यांतून वाऱ्यासारखं पार होतंय. एसटीत बसल्यावरही ते वाटणं जायचं नाही. घाटाच्या अलीकडं दिवे लागायचे, मी काचेला डोकं टेकवायचे आणि वाळूतली आकृती डोळ्यांपुढं तरंगत राहायची.

दोन वर्षांत आमच्यातल्या तिघी काचेपलीकडं गेल्या. मीही जाणार होते, पण आक्काच्या मनात माझ्याविषयी वेगळंच होतं. अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये तिनं कराडच्या पॉलिटेक्निकचा फॉर्म आणून माझ्या हातात ठेवला.

माझे वडील जोतीराम लष्करातून नाईक म्हणून निवृत्त झालेले. फॉर्म बघून त्यांनी एकच शब्द उच्चारला. "न्हाई."

मी ते आक्काला सांगितलं. रविवारी ती एकटीच आमच्या घरी आली. आईनं चहा केला. आक्का जोत्यावर बसली आणि बराच वेळ फॉर्मविषयी बोललीच नाही. लढाईत तुम्ही कुठं होता, असं तिनं वडिलांना विचारलं. वडील सहसा त्यावर बोलत नसत. त्या दिवशी बोलले. त्यांच्या तुकडीतला वायरलेसवाला कानाला यंत्र लावून बसायचा. एकदा सेट बंद पडला आणि दिवसभर मागच्या लोकांशी काही बोलणं नाही.

"आमाला वाटलं, आपुन जगातनं पुसलो," वडील म्हणाले. "त्यानं तो सेट खोलला आन जुळवला. पलीकडनं आवाज आला तवा मोठमोठी माणसं रडली."

आक्कानं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "काका, आत काय चालतंय ते त्यो माणूस शिकला हुता. बनूला तेच शिकायचंय."

वडील अंगणाकडं बघत राहिले. "आन लग्नाचं?"

"हुईल की. माझंबी व्हायचंच हाय अजून."

आई गालातल्या गालात हसली. वडील हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आक्का दुपारच्या एसटीनं परत गेली.

आठवडाभर घरात तो विषय निघाला नाही. मग एका सकाळी मी पाणी घेऊन आले तर वडील अंगणात बसले होते. पुढ्यात त्यांची लष्करातली काळी ट्रंक. झाकणावर त्यांचा नंबर आणि नाव होतं, ते त्यांनी काळ्या रंगानं झाकलं होतं आणि पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून हळूहळू अक्षरं काढत होते. कुमारी बनू जोतीराम यादव. 'कुमारी'तली वेलांटी चुकून ऱ्हस्व पडली होती, ती पुसून त्यांनी पुन्हा लिहिलं. मी घागर तशीच धरून उभी राहिले.

कराडच्या पॉलिटेक्निकात मला धरून दोघीच मुली. पहिलं वर्ष जड गेलं, पण गेलं. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात सुट्टीला आले ती थेट शिरवळला गेले. आक्का तेव्हा टेस्टिंगची सुपरवायझर झाली होती. तिचं लग्न ठरत होतं, सांगलीच्या जिनदत्त चौगुल्यांशी. त्यांचं रेडिओचं दुकान होतं आणि ती तिथं स्वतःचं टेबल मांडणार होती. ते तिनं बोलणी सुरू होण्याआधीच सांगून ठेवलं होतं.

मी माझी वही तिच्यापुढं ठेवली. एका नखाएवढ्या चकतीत शेकडो ट्रान्झिस्टर कसे बसवतात, त्याचा धडा आम्हाला झाला होता. आयटीआयमध्ये तिला हे शिकवलं नव्हतं. तिनं खुर्ची जवळ ओढली, पेन्सिल हातात घेतली आणि मला सांगायला लावलं. मी सांगत गेले. एका जागी तिनं बोटानं थांबवलं.

"हितनं परत सांग," आक्का म्हणाली. "सावकाश. मला कळलं न्हाई."