रखमाच्या कागदावरची ओळ

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, पोटच्या लेकीजवळ नाही. आज सकाळपासून मात्र जीव कसा उसळून राहिला आहे — भाकर तव्यावर टाकली ती करपली, सुनेनं विचारलं काय झालं, तर मी नुसती हसले. बसा जवळ. आता थांबवलंत तरी मी थांबायची नाही.

प्रार्थना एवढीशी आहे. ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ बस. तिला ना टाळ लागतो ना घंटा. मी किरिस्ताव नाही, घरात देव्हारा आहे, तरी चाळीस वर्षं ही ओळ मनात म्हणत आले. आणि तिचा अर्थ — खरं सांगू? — मला आज दळताना लागला.

चाळीस वर्षांमागे, त्या सालांत आमच्या वऱ्हाडात कापसानं माणसं वेडी झाली होती. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई लागली म्हणे, तिथला कापूस यायचा थांबला, आणि इथे तिवश्याच्या वाटेवर बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. अमरावतीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग तुटेना. ज्वारी पेरायला कोणी राजी होईना. मी सतरा-अठराची, घरातली धाकटी सून. मलाही ती झिंग चढलीच होती — खोटं कशाला बोलू?

रखमा गावातल्या माळ्याची विधवा. दुखण्यात मरायला टेकली तेव्हा घरच्यांनी टाकली, आणि अमरावतीच्या पाद्रीबाईंनी उचलून नेली. बरी होऊन परतली ती किरिस्ताव होऊन. गाव तिला लांबच ठेवायचं. पण वेचणीला हात कमी पडत, म्हणून आमच्या शेतात तिला काम होतं, आणि तेवढ्यावरच तिची चूल पेटायची.

दुपारी बोरीखाली ती मला अक्षरं शिकवायची, काळ्या मातीत बोटानं. चोरून बरं का. सुनेनं वाचणं आमच्या घरी चालणारं नव्हतं. तिच्याजवळ एक छापील कागद होता, त्यावर ही एवढी ओळ. गोष्टही तिनंच सांगितली. दोघे देवळात गेले. एक छाती काढून आपलं पुण्य सांगत राहिला, दुसरा लांबच उभा राहून, मान खाली घालून ही एवढीच ओळ म्हणाला. मी विचारलं, “अन् पयल्याचं काय झालं?” रखमा म्हणाली, “घरी जाऊन पोटभर जेवला असन, माय.” किती हसलो आम्ही.

आता पुढचं कसं सांगू? वळसे घालते आहे, मला कळतं.

मामाजींनी — माझ्या सासऱ्यांनी — म्हटलं होतं, या खेपेची गाडी भारी भरली तर धाकटीच्या गळ्यात सोन्याची एकदाणी घालू. विहिरीवर बाया कुजबुजत, थोडं पाणी मारलं की कापसाचं वजन चढतं. थोडं म्हणजे किती? ते कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी घरात एकटी होते. मी दोन घागरी ओतल्या, कापसाच्या ढिगाच्या मधल्या थरात, आणि वरून कोरडा कापूस पसरला. हात कसे भराभर चालत होते म्हणून सांगू.

अमरावती गाठेस्तोवर आतला कापूस तापला. अडत्यानं कोपरापर्यंत हात घातला, तो ओला बाहेर आला. भर बाजारातून गाडी परत. मामाजी घरी आले ते जेवले नाहीत. ओसरीवर बसले आणि सगळ्यांना पुढे उभं केलं. “पानी कोनं मारलं?”

आणि मी — अजून माझ्याकडे कोणी पाहिलंही नव्हतं — मी बोलले. “रखमानं. मिशनातलं पानी शिंपून राह्यली होती ढिगावर. काईबाई पुटपुटत.”

कुठून सुचलं मला? पाद्री पाणी शिंपडून बाटवतात, हे गावाला ठाऊक होतं. मग चार थेंबांनी दोन घागरींची ओल कशी येईल, हे विचारतंय कोण?

रखमाला बोलावलं. तिचा कागद हिसकून घेतला, मंत्र आहे म्हणाले. घरात कोणाला अक्षर येत नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, “मंत्र नोहे, पाटील. गयाले वाचता येते. तिलेच इचारा.”

कागद माझ्यापुढे आला. एकच ओळ. मी वाचली असती, तर त्यात ना पाणी ना कापूस, हे साऱ्यांना ऐकू आलं असतं. मी म्हटलं, “मले कुठं वाचता येते?”

माझी जाऊ बोलली, “इले चुलीतला इस्तू दिसत नाही, अक्षर काय दिसन.” सगळे हसले. मीही हसले.

मामाजींनी कागद रखमाच्या अंगावर फेकला. आमच्याकडचं तिचं काम गेलं, मग गावातल्या दुसऱ्या कोणी तिला शेतात पाय ठेवू दिला नाही. तिसऱ्या दिवशी ती निघाली, अकोल्याकडे सरकी काढायला बाया लागतात असं ऐकून. पोचली का? जगली का? आमच्या गावचे गाडीवान अकोल्यापर्यंत जात. मी एकालाही विचारलं नाही. एकदाणी मात्र पुढच्या खेपेला घातली.

आणि आज — जातं फिरता फिरता थांबलं. इतकी वर्षं मी ती ओळ तिच्यासाठी म्हणत होते: बिचारी रखमा, देवा दया कर. वर स्वतःला मायाळू समजत होते. पण त्या ओळीत रखमा नाहीच. मामाजी नाहीत, अडत्या नाही, जाऊ नाही. एकटं माणूस उभं आहे, आणि ते दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवत नाही. मी दाखवलं. ओसरीवर दाखवलं, आणि मग चाळीस वर्षं दया मागता मागता दाखवतच राहिले.

पाणी मी मारलं. मला वाचता येत होतं.

जाताना रखमा आमच्या दाराशी थांबली होती. मी आतून कडी लावलेली. ती म्हणाली, “गया, कागद तुह्याजवळ ठेव. नाहीतर अक्षरं इसरशीन.” उंबऱ्यावर दगड ठेवल्याचा आवाज आला. ती वळणापलीकडे जाईपर्यंत मी दाराच्या फटीतून पाहत राहिले. मग दार उघडलं आणि दगडाखालचा कागद काढून घेतला.